मैनाला तीट नाही

वादी कबीर, मस्कत
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

आई,

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' दोन्ही गाळलेत. घाईत राहिले असं समजू नकोस. राग आलाय म्हणून गाळलेत.

फोनवर मी विषय काढला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. "आवाज तुटतोय गं," म्हणतेस आणि ठेवून देतेस. लगेच विशाखाताईला पुण्याला फोन लावून तासभर बोलतेस, हे मला ताईच सांगते. म्हणून हे पत्र. दयानंद सुट्टीवर चाललाय. तोच, साखरप्याचा, इथे बरका गावात एसीची कामं करतो, तुला विमानतळावरून आणायला गाडी घेऊन आला होता तो. देवरुखला घरी येऊन तुझ्या हातात देईल. कागदाचं नेटवर्क जात नाही.

तू आळीत सांगितलंस म्हणे, की मुलीने मस्कतला बोलावलं आणि एका प्लॅस्टिकच्या बाहुलीवरून अपमान करून हाकलून दिलं. हाकललं नाही. तिकीट अलीकडचं करून दे म्हणून जावयाच्या, अनयच्या मागे तूच लागलीस. पण ओरडले हे खरं. चार बायकांच्या देखत ओरडले हेही खरं. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. कशावरून ओरडले ते तुला अजून कळलेलंच नाही, ते सांगायला आहे.

त्या 'एका बाहुली'पासूनच सुरू करते. सहावा वाढदिवस आला तेव्हा मैथिलीने मागितलं होतं, "माझ्यासारखी डॉल." एवढंच. मी इथले सगळे मॉल पालथे घातले. भिंतभर बाहुल्या असतात, आणि सगळ्या एकीच्या जुळ्या बहिणी. निळे डोळे, पिवळे केस, दुधात बुडवून काढलेल्या. आई, हा ओमान आहे. इथे लिफ्टमध्ये चार माणसं चढली तर चार रंगांची असतात, आणि त्यातलं एकही त्या बाहुलीच्या रंगाचं नसतं. शेवटी इथल्या हमरियात जयप्रकाशच्या खेळण्यांच्या दुकानात गेले. त्याने सरळ सांगितलं, "भाभीजी, साँवली गुड़िया चलती नहीं. एक बार मँगवाई थी. साँवली बच्ची की माँ भी गोरीवाली ही उठाती है." मग शिडी लावून माळ्यावरून एक खोका काढला. खोक्याचा रंग उडालेला होता. आत ती होती. लांब काळी वेणी, काळेभोर डोळे, रंग आपल्या घरच्या दुधाच्या चहाचा. मैथिलीने तिचा हात आपल्या हाताशेजारी धरून बघितला, दोनदा बघितला, आणि पिशवी घेतलीच नाही. छातीशी धरून घरी आणली. आमच्या बाल्कनीत साळुंक्या येतात, त्यांना अनय मैना म्हणतो, म्हणून ही मैना.

मग तू आलीस. येताना चिपळूणहून सोनेरी केसांची, परीचा झगा घातलेली बाहुली आणलीस. मैथिलीने तिचं नाव प्रिन्सेस ठेवलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरीला दहा रंगांच्या दहा बाहुल्या असाव्यात. तू गुडघे दुखत असून तिच्याबरोबर फरशीवर बसून भातुकली मांडायचीस, ते मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. मग एक दिवस ऐकलं, "ही प्रिन्सेस मालकीण हो. आणि ही मैना तिची कामवाली." मी पोळी लाटत होते. मनात म्हटलं, असेल, खेळ आहे, उद्या उलट करतील. उद्या उलट झालं नाही. आठवड्याभरात तू काही न सांगता मैथिली स्वतःच मैनाच्या हातात झाडू द्यायला लागली.

आता ते बोरन्हाण. शेजारच्या शिवांगीचा स्वरूप दीड वर्षाचा, तिचं इथे कोणी मोठं नाही, म्हणून तू हौसेने आपल्या हॉलमध्ये घातलंस. हलव्याचे दागिने घरी केलेस, मंद आचेवर काटा फुलवत बसलीस. तुझ्यासारखा हलवा मस्कतमध्ये कोणाला येत नाही, हे मी रागातही कबूल करते. सगळी मुलं काळ्या कपड्यांत आली. मी मैथिलीला काळा फ्रॉक आणला होता, त्यावर चांदीच्या टिकल्या होत्या, तिने आठ दिवस आधीपासून हँगरला लावून ठेवला होता. तू तो आयत्या वेळी काढून ठेवलास आणि लिंबू रंगाचा घातलास. "काळ्यावर काळं घालू नये गं, पोर दिसायची नाही." वर्षात एक सण असतो आपल्याकडे, जेव्हा काळं शुभ असतं. तेवढ्या एका दिवशीसुद्धा तू तिला काळं घालू दिलं नाहीस. सगळ्या फोटोत ती एकटी पिवळी आहे.

स्वरूपचं झाल्यावर मुलींनी हट्ट धरला म्हणून बाहुल्यांचं बोरन्हाण. प्रिन्सेसला काळा कपडा, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं आणि चॉकलेटं. मैना बाजूला झाडू घेऊन. "ती मागाहून झाडून घेईल," असं तू म्हणालीस. मग काजळाची डबी उघडलीस. स्वरूपला तीट लावलीस. प्रिन्सेसला लावलीस. मैथिलीने मैनाला पुढे केलं, "आजी, मैनाला पण." तू म्हणालीस, "तिला कशाला? तिला कुणाची दृष्ट लागणार आहे?"

बायका हसल्या. मैथिलीला कळलं नाही, तिला वाटलं काहीतरी गंमत झाली, म्हणून तीही हसली. मग तिने स्वतःचा गाल पुढे केला, "मग मला?" आणि तू तिचा गालगुच्चा घेऊन म्हणालीस, "तुला तर देवानेच लावून पाठवलीय गं, अंगभर."

मी ओरडले ते तेव्हा. तिळगुळाचं ताट हातात होतं ते खाली आपटलं. 'गोड बोला' म्हणायच्या दिवशी ओरडले म्हणून तुला लागलं. मला त्याहून जास्त लागलं होतं.

प्रिन्सेस सापडत नाहीये. मैथिली विचारते. कुठे गेली कोण जाणे. मैना मात्र आहे. मैथिलीने तिला बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलंय. मी विचारलं, बाहेर का? म्हणाली, "माझी फ्रेंड अंबरीन आहे ना, तिच्या घरची मेड पण किचनच्या मागेच झोपते."

मनाली

*

वादी कबीर
शुक्रवार, १४ मार्च २०२५

आई,

दयानंद परवा आला. तुझी पिशवी मिळाली. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आणि तळाला उटण्याची पुडी, वर चिठ्ठी, 'मैथिलीसाठी. सायीत कालवून रोज सकाळी शाळेच्या आधी.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुडी कचऱ्यात टाकली. आमसुलं ठेवून घेतली. त्यांचा काय दोष? तीही बिचारी काळीच.

तुझं उत्तरही वाचलं. 'खेळणं ते खेळणं. तुला लाकडी ठकी होती, तुटका पाळणा होता, तू काय वाया गेलीस? हल्लीच्या पोरींना सगळ्याचा इश्यू करायची सवय.'

हे तू लिहावंस? तुझी बालवाडी आठव. देवरुखातल्या निम्म्या लोकांना तू हाताला धरून पहिलं अक्षर काढायला लावलंस. पालकसभेत तू काय सांगायचीस? 'मुलाला शिकवू नका, खेळायला द्या. मूल खेळण्यातून जे शिकतं ते जन्मभर विसरत नाही.' मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे, मला पाठ आहे ते. मग माझ्या मुलीच्या वेळी खेळणं नुसतं खेळणं कसं झालं? बाहेरच्यांच्या मुलांना ज्ञान आणि घरच्या मुलीला उटणं?

आणि तुझ्याच बालवाडीचं स्नेहसंमेलन. परी कोण व्हायची? सबनीस डॉक्टरांची मुलगी, नाहीतर विशाखाताई. पाहुण्यांना गुच्छ कोण द्यायचं? ताई. मी झाड. दरवर्षी झाड. एका वर्षी राक्षसीण, तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण राक्षसिणीला एक वाक्य होतं. तू मुद्दाम नाही केलंस, हे मला माहीत आहे. तुझा हात आपोआप तिकडे जायचा. म्हणून तर राग जात नाही. मुद्दाम केलेलं माणूस एक दिवस थांबवतो तरी.

आता इथलं ऐक. गेल्या गुरुवारी संध्याकाळी खाली बिल्डिंगच्या पार्किंगमागे मुली घर-घर खेळत होत्या. अंबरीन, अजून दोघी आणि आपली. अंबरीनची आई आणि शिवांगी तिथेच कट्ट्यावर होत्या. मुली काय व्हायचं ते ठरवत होत्या, तू मॉम, मी बिग सिस्टर, अशी भांडणं चालली होती. आपली मैथिली उभी राहिली आणि म्हणाली, "आय विल बी द मेड." कोणी सांगितलं नव्हतं. कोणी ढकललं नव्हतं. शिवांगी मला वर येऊन कौतुकाने सांगते, "किती गुणी गं तुझी! बाकीच्या भांडतात, ही आपली स्वतःहून मेड होते." मी चहा ठेवला तिच्यासाठी. गॅस पेटवायला तीन काड्या लागल्या.

अनयला सांगितलं. तो म्हणाला, "कामवाली होणं वाईट आहे का?" मी म्हटलं, नाही, मुळीच नाही. अंबरीनकडची ती बाई सकाळी पाचला उठते आणि तुझ्याहून जास्त काम करते. पण आपली मुलगी तिचं काम बघून कामवाली झालेली नाही. ती स्वतःचा हात बघून झाली.

आणि हे तिला कोणी शिकवलं ते अनयला माहीत नाही, मला माहीत आहे. जानेवारीतच, तू आल्यावर पहिल्या आठवड्यात, मी क्लिनिकला होते. दारावरची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची रईसा, तिच्या भावाचं लग्न झालं म्हणून ताट भरून इथला ओमानी हलवा घेऊन आली होती. घरातला झगा, डोक्याला साधा रुमाल. तिच्या आजीकडचे लोक झांजिबारचे, म्हणून ती आपल्यापेक्षा सावळी. इथली, ओमानी. दातांची डॉक्टर, आमच्याच क्लिनिकमध्ये, माझी साहेब. तू दार जेमतेम उघडलंस आणि म्हणालीस, "मॅडम घर पे नहीं. कामवाली नहीं मंगता. बाद में आना." आणि लावून घेतलंस. तिच्या देशात, तिच्या बिल्डिंगमध्ये, तिच्या हातातल्या हलव्यासकट.

रईसाने हसून सांगितलं मला. "तुम्हारी अम्मी बहुत स्ट्रिक्ट सिक्युरिटी है." मी जमिनीत गेले. पण तुझ्या मागे मैथिली उभी होती, हे मला रईसाने सांगितलं म्हणून कळलं. तिने बघितलं की दारात त्या रंगाची बाई आली की आजी काय म्हणते. आणि घरात त्या रंगाची बाहुली कोण होते ते तिला भातुकलीत कळलं. दोन आणि दोन चार. पोर हुशार आहे, आजीवर गेलीय.

हे पत्र रुवीच्या पोस्टातून रजिस्टर करतेय. पोचलं नाही असं म्हणू नकोस.

मनाली

*

वादी कबीर
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

आई,

तुझं पत्र आलं. एवढंसं. पाठपोट सुद्धा नाही.

'तुझे बाबा मला बघायला आले तेव्हा माझ्या मावशीने मला दिव्याच्या मागच्या अंगाला बसवलं होतं. आधीच्यांनी उजेडात बघून नकार दिला होता. लग्नानंतर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, अंधारात फसलो. ते मी जेवायला वाढताना ऐकलं. तू जन्मलीस तेव्हा मी आधी तुझे कान बघितले, कानाच्या पाळीवरून रंग कळतो म्हणतात. मग रडले. मला जे झालं ते तुला नको, आणि मैथिलीला तर नकोच. म्हणून उटणं. तू मला शत्रू समजतेस.'

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. तुला दिव्यामागे बसवलं हे मला कधीच माहीत नव्हतं. आजी असं बोलली असेल हे पटतं, तिची जीभ तशीच होती. मला त्या मुलीला, दिव्यामागच्या, जवळ घ्यावंसं वाटलं. खरंच वाटलं.

आणि राग गेला नाही. वाढला. मावशीला तू काही बोलली नाहीस. सासूला काही बोलली नाहीस. बाबांना विचारलं नाहीस की तुम्ही कसे फसलात, डोळे नव्हते का. सगळा जन्म मुकाट वाढत राहिलीस, आणि तोंड उघडलंस ते एका सहा वर्षांच्या पोरीसमोर, काजळाचं बोट वर करून. ज्यांनी तुला दुखवलं ते सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी कोण, तर सहा वर्षांची!

तुला वाटतं तू तिला वाचवतेयस. जग वाईट बोलेल, त्याआधी मीच बोलून ठेवते, म्हणजे सवय होईल. अगं, सवय झाली. जग अजून काही बोललेलंच नाही तिला. अंबरीन बोलली नाही, शाळेत कोणी बोललं नाही. तिला आत्तापर्यंत फक्त दुकानातल्या बाहुल्या बोलल्या आणि तू बोललीस. दुकानाला मी एकटी काय करणार? जयप्रकाशला सांगून आलेय, अशा बाहुल्या मागव, पहिल्या सहा मी घेईन, बर्थडेला गोऱ्या मुलींनाही त्याच देईन. तो म्हणाला, "इन्शाल्ला भाभीजी," म्हणजे इथल्या भाषेत बघू. पण तू दुकान नाहीस. तू आजी आहेस.

एक सांगायचं राहिलं, ते अनय तुला सांगेलच, म्हणून मीच लिहिते. प्रिन्सेस हरवली नव्हती. बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला खालच्या कचरापेटीत टाकली. अनयने बघितलं, वर आणली आणि आपल्या ऑफिसच्या बॅगेत लपवली. मार्चअखेर ती बॅगेतून मैथिलीलाच सापडली. तिला सगळं सांगावं लागलं. तिने मला विचारलं, "मम्मा, प्रिन्सेसने काय केलं होतं?" तिने प्रिन्सेसला साबणाने धुतलं आणि पलंगावर आपल्या शेजारी निजवलं. मैना बाल्कनीतच.

आता जूनचं. शाळेला सुट्टी लागते, अनयने तिकिटं काढलीत, मैथिली आणि मी पंधरा दिवस, मग ती एकटी महिनाभर तुझ्याकडे. मी रद्द करणार होते. अनय म्हणतो, "मुलीला आजी हवी. नुसतं तोडून काय शिकेल ती?" त्याचंही चुकत नाही, म्हणून अजून केलेली नाहीत. पण ऐक. उटणं नाही. 'उन्हात खेळू नको, काळी होशील' नाही. आलेल्या-गेलेल्यासमोर 'रंग बापाचा घेतला असता तर' नाही. आणि मैना बरोबर येईल, आणि भातुकलीत ती काय होईल ते मैथिली सांगेल, तू नाही. हे जमत असेल तर फोन कर. विषय निघाल्यावर ठेवायचा नाही.

मनाली

*

वादी कबीर
शुक्रवार, ९ मे २०२५

आई,

फोन केलास. ठेवला नाहीस. त्याबद्दल आधी बरं बोलते, कारण पुढे बरं काही नाही.

"सगळं कबूल," म्हणालीस. मी भाजी निवडत होते, फोन स्पीकरवर होता. अनयने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. आणि मग तू म्हणालीस, "फक्त ती मैना तेवढी तिथेच ठेवा. ती आली की परत कोणीतरी काहीतरी बोलायचं, परत तुझं डोकं फिरायचं. ती नसली म्हणजे विषयच मिटला. पोरीला मी इथे हवी तेवढी खेळणी घेऊन देते." तू प्रेमाने म्हणालीस, मला आवाजात कळलं. तुला वाटलं तू भांडण मिटवतेयस. घरात ज्याच्यामुळे बोलाचाली होते त्याला पाहुणे यायच्या आधी आतल्या खोलीत पाठवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. तुलाही असंच दिव्यामागे पाठवलं होतं.

मैथिली सोफ्यावर होती. चित्र काढत होती. मान वर केली नाही. मला वाटलं ऐकलं नसेल.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, "जायचं ना आजीकडे?" ती हो म्हणाली. पटकन म्हणाली, हसून. आजी आंबे देणार, आजी गोष्ट सांगणार, आजीकडे मांजर आहे, सगळं सांगितलं तिने. मला इतकं हायसं वाटलं की मी अनयला वरणात तूप जास्तच वाढलं. मग ती म्हणाली, "मम्मा, मी सगळं ठरवलंय. मैना इथेच राहील. आजीकडे मी मेड होईन."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे प्ले-प्ले नाही, रिअलवाली. मी आजीला हेल्प करेन. झाडू मारेन. आजीचे गेस्ट आले ना, की मी किचनमध्ये बसेन, बाहेर नाही येणार. मग आजीला कोणी काही बोलणार नाही. मग तू पण शाऊट नाही करणार." आणि बापाकडे बघून म्हणाली, "गुड आयडिया ना, पप्पा?"

अनय उठून बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. आला तेव्हा त्याने फोन घेतला आणि तिकिटं रद्द केली. मी सांगितलं नव्हतं.

तिने यात एकदाही तक्रार केली नाही, आई. त्यानेच मला वेड लागायची पाळी आलीय. ती रुसली असती, आजी वाईट आहे म्हणाली असती, तर मी तुला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तिला तू हवी आहेस. इतकी हवी आहेस की तुला अडचण होऊ नये म्हणून ती घरात कुठे बसेल ते तिने आधीच ठरवून टाकलंय. तू काय केलंस ते तुला यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

तेव्हा ती येणार नाही. यंदा नाही, आणि पुढचं मी आज बोलत नाही. तुला ती बघायची असेल तर तू इकडे ये. जूनमध्ये इथे चटके बसतात, वारासुद्धा भाजून निघतो, तुझे गुडघे दुखतील, विमानात तुला मळमळतं, मला सगळं ठाऊक आहे. तरी ये. व्हिसाला अनय उद्या देतोय, दयानंद विमानतळावर येईल. पहिल्या दिवशी रईसाकडे जायचं, मी बरोबर असेन, पण बोलायचं तू. मग घरी येऊन फरशीवर बसायचं. भातुकली मैथिली मांडेल. मैना काय, प्रिन्सेस काय, ती काय, हे ती सांगेल. आणि तू कोण, तेही तीच सांगेल. तिने तुझ्या हातात झाडू दिला तर तू तो घ्यायचा, पाहुणे आले म्हणून स्वयंपाकघरात जा म्हणाली तर उठून जायचं, आणि ती बोलवेपर्यंत बाहेर यायचं नाही.

बोलवेल ती. तुझ्यापेक्षा मऊ आहे.

मनाली